कुलूप बदललंच नाही, मग बिल कसलं?

प्रिय काकू,

मी मूळची सांगलीची. गेल्या वर्षापासून जर्मनीत कार्ल्सरूहला मास्टर्स करते आणि वे-गेमध्ये, म्हणजे तिघींनी वाटून घेतलेल्या घरात राहते. घराचा मूळ करार पुण्याच्या एका ताईच्या नावावर आहे, मी तिची पोटभाडेकरू. दिवाळीच्या कार्यक्रमाहून रात्री ट्रामने परतताना माझी किल्ली हरवली. इथे एकाच किल्लीने इमारतीचं मुख्य दार, तळघर, सायकलींची खोली आणि आमच्या घराचं दार उघडतं. किल्लीला पितळी गणपतीची कीचेन होती, नाव-पत्ता काही नव्हता. घाबरून मी नऊ दिवस कोणाला बोलले नाही. एका दुकानात गुपचूप डुप्लिकेट मागायला गेले, तर त्यांनी कसलं तरी कार्ड मागितलं. शेवटी ताईला सांगितलं. तिने हाउसफरवाल्टुंगला, म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापनाला, कळवलं आणि त्यांची इमेल आली: २४ घरांची सगळी कुलूपव्यवस्था बदलावी लागेल, खर्च अंदाजे ३,२०० युरो, १४ दिवसांत भरा. सोबत कुलूपवाल्यांचं अंदाजपत्रक. मी रडतरडत ताईला व्हॉट्सॲपवर लिहून टाकलं, ‘सगळा खर्च मी देईन.’ आता ती म्हणते, पैसे दे, नाहीतर तुझ्या ९०० युरोंच्या डिपॉझिटमधून कापते, उरलेले हप्त्याने दे. बाबांनी कर्ज काढून मला पाठवलंय. त्यांना सांगायची हिंमत नाही. हे पैसे खरंच मलाच द्यायचे आहेत का?

— किल्ली हरवलेली

अगं पोरी,

आधी एक काम कर. त्या रात्री घातलेला कोट उलटा करून त्याचं अस्तर चाचपून बघ. हसू नकोस. माझ्याकडे किल्ल्यांची जेवढी रडगाणी आली, त्यातल्या दोन किल्ल्या फाटक्या खिशातून अस्तरात उतरलेल्या निघाल्या. काखेत कळसा म्हणतात तसं. नाही सापडली तर पुढे वाच.

तुझ्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर: आज, या घडीला, तू ३,२०० युरोंमधला एकही युरो देणं लागत नाहीस. उद्या लागशील का, हे त्यांनी खरोखर काय केलं यावर ठरेल. आणि एका नव्या किल्लीचे पैसे मात्र बहुतेक तुझ्याच खिशातून जातील, त्याबद्दल कुरकूर करू नकोस.

आपल्याकडे किल्ली हरवली की कोपऱ्यावरचा चावीवाला दहा मिनिटांत कानस घासून दुसरी करून देतो, आणि फारच भीती वाटली तर नाइटलॅच बदलतो. शिवाय खाली वॉचमन असतोच. म्हणून ‘किल्ली’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे दातेरी पत्र्याचा एक तुकडा येतो. जर्मन इमारतीतली किल्ली तशी नसते. तुझ्या हातात होती ती श्लीसआनलागेची, म्हणजे अख्ख्या इमारतीसाठी एकत्र आखलेल्या कुलूपव्यवस्थेची किल्ली. चोविसांपैकी प्रत्येक किल्लीने फक्त आपापलं घर उघडतं, पण मुख्य दार, तळघर, सायकलखोली अशी सामायिक दारं चोविसांच्याही किल्ल्यांनी उघडतात. हे कोष्टक कारखान्यात ठरतं, आणि नवीन किल्ली हवी तर सुरक्षा-कार्ड दाखवावं लागतं. दुकानदाराने मागितलं ते हेच. ते कार्ड मालकाकडे किंवा हाउसफरवाल्टुंगकडे असतं. दुकानदाराने तुला परत पाठवलं ते बरंच झालं. गुपचूप केलेली डुप्लिकेट पुढे सापडली असती, तर आज जे निव्वळ विसराळूपण आहे त्याला लबाडीचा वास आला असता.

आता खर्च एवढा का, तेही समजून घे, म्हणजे समोरचा माणूस तुला लुबाडतोच आहे असं वाटणार नाही. तुझ्या घराच्या दाराचं तेवढं कुलूप वेगळं बदलता येतं. पण मुख्य दाराचं कुलूप तुझ्या हरवलेल्या किल्लीला बंद करायचं, तर बाकीच्या तेवीस घरांच्या किल्ल्यांचं काय, हा प्रश्न येतो. जुन्या यांत्रिक व्यवस्थेत एकच किल्ली तेवढी बाद करणं अवघड असतं. इलेक्ट्रॉनिक व्यवस्था असती तर संगणकावर तुझी किल्ली रद्द केली की काम संपलं असतं. तुमची यांत्रिक असणार, नाहीतर एवढी रक्कम आली नसती.

पण अंदाजपत्रक म्हणजे खर्च नव्हे. इथेच सगळी मेख आहे. आणि गंमत म्हणजे तुझ्या बाजूने ज्या न्यायालयाने हे ठरवून ठेवलंय ते तुझ्याच गावात आहे. जर्मनीचं सर्वोच्च दिवाणी न्यायालय, बुंडेसगेरिश्ट्सहोफ, कार्ल्सरूहलाच बसतं. ५ मार्च २०१४ ला त्यांनी एक निकाल दिला. प्रकरण हायडेलबर्गच्या न्यायालयांतून वर आलेलं. एका भाडेकरूला घर घेताना दोन किल्ल्या मिळाल्या होत्या, सोडताना त्याने एकच परत केली. घर एका मालकाचं, पण इमारत सगळ्या सदनिकाधारकांची. त्यांच्या व्यवस्थापनाने मालकाकडे कुलूपव्यवस्था बदलायला आगाऊ १,४६८ युरो मागितले. मालकाने भरले नाहीत, कुलपं बदलली गेली नाहीत, पण ते पैसे मालकाने भाडेकरूकडून मागितले. खालच्या दोन्ही न्यायालयांनी मालकाच्या बाजूने कौल दिला. कार्ल्सरूहने तो फिरवला.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. भाडेकरूने किल्ली जपायची असते, परत करायची असते, ती हरवली तर त्याची जबाबदारी येते हे खरं. किल्ली चुकीच्या हाती पडून गैरवापर होण्याचा धोका असेल, आणि सुरक्षिततेसाठी सगळी व्यवस्था बदलणं गरजेचं असेल, तर तो खर्चही भाडेकरूवर येऊ शकतो. पण तो खर्च नुकसान म्हणून केव्हा धरायचा? कुलपं खरोखर बदलल्यावर. तोवर जुनं कुलूप जागच्या जागी आहे, त्याला काहीही झालेलं नाही, आणि नुसती भीती म्हणजे नुकसान नव्हे. आपल्या आज्या हेच दोन ओळींत सांगून मोकळ्या झाल्या असत्या: बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.

म्हणून ‘१४ दिवसांत भरा’ या ओळीला घाबरायचं नाही. शिवाय तुझा करार हाउसफरवाल्टुंगशी नाहीच, ताईशी आहे. मालकाने मागायचं ते ताईकडे, कारण पोटभाडेकरूच्या चुकीसाठी मालकापुढे तीच उत्तर देणार. आणि तिने भरलेले पैसे ती तुझ्याकडे मागणार. ताई घाबरली आहे ती याचमुळे. परक्या देशात घर तिच्या नावावर, सही तिची, आणि चूक दुसऱ्याची. तिच्या जागी मी असते तर मीही आधी डिपॉझिटवरच हात ठेवला असता.

तरी तो हात तिने ठेवू नये. घर चालू असताना, तू वाद घातलेल्या मागणीपोटी डिपॉझिटमधून पैसे काढून घेणं चालत नाही. याच न्यायालयाचा ७ मे २०१४ चा निकाल तसा आहे. डिपॉझिट शेवटच्या हिशेबासाठी असतं. तू घर सोडलंस की मात्र हा विषय पुन्हा निघू शकतो, म्हणून आता जे ठरेल ते लेखी ठरव.

आता तुझा तो व्हॉट्सॲप. ‘सगळा खर्च मी देईन.’ रडत लिहिलेल्या अशा एका ओळीने ३,२०० युरोंचं स्वतंत्र कर्ज उभं राहत नाही. त्या प्रकारचा कबुलीनामा जर्मन कायद्याला कागदावर, सहीनिशी लागतो. पण म्हणून पुढची चूक करू नकोस. कोणी छापील कागद पुढे केला, ‘नुकसान मान्य आहे, हप्त्याने देईन’ असा, तर सही करायची नाही. ताईला शांतपणे लिही: ‘मी घाबरून लिहिलं होतं. जो खर्च खरोखर होईल आणि कायद्याने माझ्यावर येईल, तो मी देईन.’ या वाक्यात काहीही पळपुटेपणा नाही.

पळपुटेपणा होता तो त्या नऊ दिवसांत. तो मी बोलणारच. ताकाला जाऊन भांडं लपवलंस. किल्ली हरवल्याचं त्याच रात्री सांगायचं असतं. तुमच्या इमारतीत कोणी एकटी म्हातारी राहत असेल, कोणाची महागडी सायकल तळघरात असेल. त्या नऊ दिवसांत काही गेलं असतं, तर तुझी बाजू फार लंगडी पडली असती. शिवाय हे लपवणं विम्यालाही अडचणीचं.

हो, विमा. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही, आणि मला वाटतं सगळ्यात मोठी सुटका तिथेच असू शकते. जर्मनीत आल्यावर सगळ्या जुन्या मुलामुलींनी तुला सांगितलं असेल, हाफ्टफ्लिश्ट काढ. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा हा विमा. एकट्या माणसाला तो वर्षाला शंभर युरोंच्या आत सहज मिळतो. काढला असशील, तर त्याचे कागद उघड आणि ‘श्लुसेलफरलुस्ट’, किल्ली हरवणे, हा शब्द शोध. सगळ्या पॉलिसींत तो नसतो. असला तर किती रकमेपर्यंत, आणि पहिले किती युरो तुझे तू भरायचे, ते बघ. ‘परक्याची खाजगी किल्ली’ असं लिहिलेलं असेल, तर त्यात सहसा भाड्याच्या घराची किल्ली बसते.

अशी घटना विमा कंपनीला आठवड्याच्या आत कळवायची असते. तुझा आठवडा उलटून गेला. तरी आजच कळव; निव्वळ उशीर झाला म्हणून सगळा हक्क बुडतोच असं नाही. आणि ऐक, त्यांना कळवण्याआधी कोणालाही पैसे देऊ नकोस. हा विमा फक्त पैसे भरत नाही. समोरच्याची मागणी अवाजवी असेल तर ती परतवून लावण्याचं कामही त्यांचंच असतं. म्हणजे जे पत्र तुला थरथरत लिहायचंय, ते त्यांचा माणूस रोजच्या सवयीने लिहील. विमा काढलाच नसशील, तर आज काढून या किल्लीला उपयोग नाही. पुढच्या वेळेसाठी काढ.

आता समज, त्यांनी कुलपं खरंच बदलली आणि पावती पाठवली. तेव्हा काय? तेव्हाही पावती दिसली की पैसे असं नाही. पहिला प्रश्न, धोका खरा होता का. किल्ली कोणत्या घराची आहे हे सापडणाऱ्याला कळण्यासारखं होतं का? तुझ्या किल्लीवर पत्ता नव्हता, सोबत पाकीट किंवा पत्र गेलं नाही, हरवली ती इमारतीच्या दारात नव्हे तर ट्राममध्ये कुठेतरी. हे तुझ्या बाजूचं आहे. मात्र धोका शून्य आहे असं म्हणता येणार नाही, उगाच ताणू नकोस. शून्य केव्हा म्हणायचा, त्याचं उदाहरण माझ्या घरातच आहे. १९९८ साली ट्यूबिंगनला आमचे हे नावेत उभे राहून फोटो काढत होते. खिशातली किल्ली नेकारमध्ये गेली. मी आणि नावेतल्या दुसऱ्या दोघांनी ती डुबुक होताना पाहिली. घरमालक आधी सगळी व्यवस्था बदलायची भाषा करत होते. मी म्हटलं, मासा येणार आहे का दार उघडायला? एका किल्लीच्या पैशांवर मिटलं. आमचे हे अजूनही सांगतात की नाव हलली ती माझ्यामुळे. असो.

दुसरा प्रश्न, दोष तुझा होता का. किल्ली हरवली म्हणजे दोष तुझा, असं आधी धरलं जातं, आणि तसं नाही हे तू दाखवायचं असतं. कोणी बॅग हिसकावली असती, पोलिसांत तक्रार असती, तर गोष्ट वेगळी. करारात ‘किल्ली कशीही हरवली तरी भाडेकरू भरेल’ असं छापलेलं असलं तरी ते टिकत नाही, कारण दोष नसताना जबाबदारी लादणारं छापील कलम न्यायालयं मानत नाहीत. तुझ्या बाबतीत मात्र किल्ली खिशातून पडली असावी असंच दिसतंय. त्याला निष्काळजीपणाच म्हणतील. मान्य करून पुढे जा.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण तो विचारला की व्यवस्थापनाचे आवाज एकदम खाली येतात. ही व्यवस्था किती जुनी आहे? आणि आजवर किती किल्ल्या गहाळ आहेत? वीस वर्षांच्या इमारतीत भाडेकरू येतात-जातात, सफाईवाले बदलतात, कोणाची किल्ली जुन्या मैत्रिणीकडे राहते. पाच किल्ल्यांचा आधीच पत्ता नसेल आणि तेव्हा कोणी कुलूप बदललं नसेल, तर सहाव्या किल्लीनेच आभाळ कोसळलं हे पटवणं कठीण. आणि जुनी कुलपं काढून कोरी करकरीत बसवली, तर जुन्याच्या जागी नवं मिळाल्याचा फायदा त्यांचा. तेवढी वजावट झाली पाहिजे. तसंच सहा महिने जुन्याच कुलपावर निवांत काढून मग एके दिवशी बदललं, तर ‘फार धोका होता’ हे कोणत्या तोंडाने सांगणार?

म्हणून ताईला विश्वासात घेऊन दोघी मिळून एक इमेल लिहा. तिच्या नावाने जाऊ दे, करार तिचा आहे. जर्मनमध्ये, साध्या भाषेत. किल्ली अमुक तारखेला ट्राममध्ये हरवली, तिच्यावर पत्ता नव्हता, आम्हाला वाईट वाटतं, बदली किल्लीचा खर्च आम्ही देऊ. मग विचारा: या किल्लीने नेमकी कोणती दारं उघडतात त्याचा आराखडा पाठवाल का, व्यवस्था कोणत्या साली बसवली, आणखी किती किल्ल्या गहाळ आहेत, आणि बदलण्याचं ठरलं असेल तर केव्हा. शेवटी एक ओळ, की बुंडेसगेरिश्ट्सहोफच्या ५ मार्च २०१४ च्या निकालानुसार कुलपं प्रत्यक्ष बदलण्याआधी रक्कम देय होत नाही, आणि विमा कंपनीला कळवलं आहे. धमकी नको, ‘आमचा वकील’ वगैरे नको. माझा अंदाज सांगते: हे पत्र गेल्यावर बऱ्याचदा एक नवी किल्ली आणि तिचं बिल येतं, आणि ३,२०० चा विषय पुन्हा निघत नाही. कारण ती सगळी दारं बदलायला त्यांनाही आधी स्वतःचे पैसे घालावे लागतात. पण खरोखर बदललीच, तर माझ्यावर चिडू नकोस. मग वर सांगितलेले प्रश्न आणि विमा.

मी वकील नाही. इमेल पाठवण्याआधी कोणाच्या तरी नजरेखालून घाल. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांना फुकट कायदेशीर सल्ला मिळतो, तुझ्या विद्यार्थी संघटनेत चौकशी कर. नाहीतर मीटरफेराईन आहे, भाडेकरूंची संघटना. तिची वर्षाची वर्गणी भरली की सल्ला मिळतो. तिथे मूळ भाडेकरू म्हणून ताईनेच जाणं बरं.

बाबांना सांगायचं का? तुझ्या ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटतात. ३,२०० म्हणजे तीन महिन्यांच्या वर. तो आकडा एवढ्यात फोनवर सांगू नकोस, कारण तो अजून खरा नाही आणि सांगलीत बसून त्यांच्या हाती काही नाही. किल्ली हरवली एवढं मात्र सांग. आईवडिलांना हरवलेल्या वस्तूंची सवय असते.

तोवर ये-जा कशी करणार? बदली किल्ली त्या इमेलमध्येच मागून घ्या. घरातल्या दुसऱ्या मुलीच्या वेळापत्रकावर जगू नकोस. आणि कधी बाहेर अडकलीसच, तर इंटरनेटवरच्या पहिल्या कुलूपवाल्याला फोन करू नकोस. त्या धंद्यात चोर बरेच आहेत. फोनवर येण्या-जाण्यासकट पूर्ण रक्कम विचार, तू राहतेस त्याच भागातला माणूस आहे का बघ. आणि दार नुसतं ओढलं गेलंय की किल्लीने बंद केलंय हे त्याला सांग. नुसतं ओढलेलं दार सहसा कुलूप न फोडता उघडतं. ड्रिल काढलं की थांबव.

एक शेवटचं. शहराच्या फुंडब्युरोत, म्हणजे सापडलेल्या वस्तूंच्या कार्यालयात, आणि ट्रामवाल्यांकडे, दोन्हीकडे नोंद केलीस का? पत्रात दिसत नाही. इथे माणसं सापडलेला हातमोजाही कुंपणाच्या टोकाला अडकवून जातात, किल्ली तर हमखास जमा करतात, पण ती पोचायला दिवस लागतात. म्हणून एकदा विचारून सोडू नकोस, दर आठवड्याला विचार. आणि अर्जात वस्तूचं वर्णन करताना ‘गणपती’ लिहू नकोस, त्यांच्या यादीत तो सापडणार नाही. लिही: पितळी, अंगठ्याएवढा, बसलेला हत्ती.

— काकू